झाकली मूठ : गुप्त सृष्टीचे खेळ आणि त्यांची विश्वसनीयता

अद्भुताचे दोन प्रकार आपल्या परिचयाचे आहेत. पहिले अद्भुत सात समुद्रांपलीकडचे. तेथे कोणी जाऊन आलेले नसते, म्हणून वाचकही शंका काढीत बसत नाही. देवकीनंदन खत्रींच्या 1888 मधील 'चंद्रकांता'ने आपल्या उत्तरेकडील घराघरांत ज्याचे वेड लावले, ते तिलिस्मही जुने किल्ले, भग्न वास्तू आणि दऱ्याखोरी यांतच दडलेले होते. दुसरे अद्भुत मात्र आपल्याच शहरात, आपल्याच रस्त्यावर, एका भिंतीआड असते. त्याची रचना फार कठीण, कारण वाचक तात्काळ विचारतो, "मग इतकी वर्षे आम्हांला ते दिसले कसे नाही?" या एका प्रश्नाच्या उत्तरावर अशा सृष्टीचे सारे बरेवाईट अवलंबून असते, असे आमचे मत आहे. तरुण पिढी ज्यांत रमते त्या काही खेळांच्या आधारे ते येथे मांडत आहोत. खेळ म्हटला की समीक्षकाने नाक मुरडावे, हे आम्हांस मान्य नाही. ज्या रचनेत पात्रे, प्रसंग आणि नीतिनियम आहेत, ती वाङ्मयाच्या अंगणातलीच आहे.

यांतील अग्रगण्य खेळ 'व्हॅम्पायर : द मॅस्करेड'. अमेरिकेतील व्हाइट वुल्फ या प्रकाशनसंस्थेने तो 1991 मध्ये आणला. याला पडदा लागत नाही, यंत्र लागत नाही. चारपाच जण मेजाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो, दहा बाजूंचे फासे टाकले जातात आणि एक जण कथा पुढे नेतो. त्याला तेथे कथेकरी अशाच अर्थाचे नाव आहे. कल्पना अशी, की आजच्या महानगरांत रक्तपिपासू अमर जीव माणसांत मिसळून राहतात आणि आपले अस्तित्व लपवितात. या लपविण्यालाच 'मॅस्करेड', म्हणजे सोंग, म्हटले आहे.

आता ते लपतात का? खेळाचे उत्तर मार्मिक आहे : ते माणसाला भितात. युरोपातील धर्मन्यायालयांच्या काळात त्यांची जी कत्तल झाली, तिची आठवण त्यांना सोडीत नाही. एकेक जीव दहा माणसांना भारी, पण माणसे कोट्यवधी आहेत आणि उजेडात हिंडतात. म्हणजे येथे बलवानच भयग्रस्त आहे. त्यामुळे गुप्ततेला कारण मिळाले आणि सामान्य माणसाची प्रतिष्ठाही राहिली. तो मूर्ख म्हणून आंधळा ठरत नाही. त्याच्या सामर्थ्यामुळेच त्याच्यापासून लपावे लागते.

शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस याहून अधिक मौज वाटली ती त्यांच्या सहा परंपरांची. सोंग उघडे पाडू नये. ज्याची हद्द, त्याचा अंमल. ज्येष्ठाच्या अनुमतीवाचून नवा जीव आपल्यात आणू नये. आणल्यास त्याच्या अपराधांची जबाबदारी आणणाऱ्यावर. परक्या शहरात गेल्यास तेथील प्रमुखाकडे हजेरी द्यावी. आणि आपल्यापैकी कोणाचा वध करण्याचा अधिकार केवळ ज्येष्ठास. हे वाचताना सेवानियमांची पुस्तिका आठवावी! परंतु सृष्टी खरी वाटते ती येथेच. चमत्कार कोणीही लिहील. हद्द, जबाबदारी आणि हजेरी ज्याने लिहिली, त्याच्या नगरात कोणी खरोखर राहत असले पाहिजे, असा भरवसा वाटतो.

उणीव आहे ती हिशेबाची. एक लाख माणसांमागे असा एक जीव, असे प्रमाण या खेळाने सुचविले होते. या मापाने 2011 च्या जनगणनेतील साडेदहा लाखांच्या ग्वाल्हेरात दहाच जण निघतील. दहा जणांत पक्ष, उपपक्ष आणि दरबारी कारस्थाने रंगणार किती? म्हणून कथेकरी संख्या वाढवितो, आणि वाढलेला प्रत्येक जण गुप्ततेवर नवा भार घालतो. त्यातच त्याच संस्थेने त्याच सृष्टीत 1992 मध्ये वृकमानव, 1993 मध्ये मांत्रिक, 1994 मध्ये प्रेतात्मे आणि 1995 मध्ये यक्षकुळीचे जीव आणून वसविले. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण मुठीत मावेल तेवढेच झाकता येते.

यांपैकी मांत्रिकांचा खेळ, 'मेज : द असेन्शन', विचाराच्या दृष्टीने सर्वांत खोल आहे. जग जसे आहे तसे ते बहुसंख्यांच्या श्रद्धेमुळे आहे, ही त्याची मूळ कल्पना. सामान्यांच्या डोळ्यांदेखत उघड चमत्कार केला, तर त्यांची श्रद्धाच उलटून मांत्रिकावर आघात करते. म्हणून शहाणा मांत्रिक आपले काम योगायोग वाटेल अशा बेताने करतो. येथे गुप्तता राखायला पहारेकरी नकोत. पाहणाऱ्याची समजूत हीच भिंत. याच्याशी 'हॅरी पॉटर'मधील तोड ताडून पाहावी. तेथे साक्षीदाराची स्मृती मंत्राने पुसली जाते, आणि त्याची किंमत बहुधा पुसणाऱ्याला मोजावी लागत नाही. ज्या गुप्ततेला खर्च नाही, तिच्यात नाट्यही नाही. सुदैवाने त्या कादंबऱ्यांत खाती, समित्या आणि मंत्रालय आहे. त्यांनी बाजू बरीच सावरली आहे.

2012 साली आलेल्या 'इनग्रेस'ने तर खेळणाऱ्याला मोबाइल हाती देऊन प्रत्यक्ष रस्त्यावर उतरविले. शहरातील पुतळे, देवळे, जुन्या वास्तू ही त्यात गूढ शक्तीची द्वारे होतात. कल्पना उत्तम, पण स्थळाशी नाते वरवरचे. छत्री असो की टपालकचेरी, द्वार म्हणून दोन्ही सारखीच चालतात. त्या जागी काय घडले, याचे खेळाला सोयरसुतक नाही.

नाते कसे जोडावे, हे नील गेमन यांनी 'नेव्हरव्हेअर'मध्ये दाखविले. 1996 मध्ये हे कथानक बीबीसीच्या मालिकेच्या आणि कादंबरीच्या रूपाने आले. हा खेळ नव्हे, पण खेळ रचणाऱ्यास यासारखा दुसरा धडा नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांची नावे लेखकाने शब्दशः घेतली. अर्ल्स कोर्ट म्हटले, तर तेथे खरोखरच एका अर्लचा दरबार भरतो. ब्लॅकफ्रायर्स म्हटले, तर तेथे काळे साधू नांदतात. नावे लाखो लोक रोज उच्चारतात, अर्थ मात्र कोणी ऐकत नाही. अद्भुत त्या न ऐकण्यात लपलेले आहे.

आणि त्या खालच्या लंडनमध्ये राहते कोण? वरच्या शहराच्या फटींतून निसटलेली माणसे. त्यांना कोणत्याही मंत्राने झाकलेले नाही. त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, इतकेच. नायक रिचर्ड पदपथावर पडलेल्या एका जखमी मुलीसाठी थांबतो. त्याची वाग्दत्त वधू पुढे चलण्याचा आग्रह धरते. थांबल्याचे फळ असे, की पुढे त्याच्या ओळखीच्यांना तोच दिसेनासा होतो. आरंभीच्या प्रश्नाला इतके प्रामाणिक उत्तर आम्ही अन्यत्र वाचले नाही : तुम्हांला दिसले नाही, कारण तुम्ही पाहिले नाही.

'व्हॅम्पायर'च्या 2018 मधील पाचव्या आवृत्तीने याची दुसरी बाजू दाखविली. मोबाइल, कॅमेरे आणि गुप्तहेरखाती यांच्या युगात सोंग टिकणार कसे, ही शंका उडवून न लावता खेळकर्त्यांनी ती कथेतच घेतली. माणसांच्या हेरखात्यांना सुगावा लागला, नवी धरपकड सुरू झाली आणि त्या अमर जीवांना संगणक व दूरध्वनीवर विश्वासणे सोडावे लागले. काळ बदलला की गुप्ततेचे कारणही नव्याने लिहावे लागते, हे ज्याला कळले त्याचीच सृष्टी टिकते.

ग्वाल्हेरकरांस हा विषय परका नाही. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला आणि तळाचेच शहर झाले. आजही आपण 'लश्करला जातो' म्हणतो; लष्कर कोठेच नसते. जिन्सी नाल्यावर तोफखाना नाही, शिंदे की छावनीत तंबू नाहीत. टेम्पोवाला ही नावे दिवसभर पुकारतो, बसणारा ऐकतो आणि अर्थाचा स्पर्श कोणालाच होत नाही. या नावांमागचे मराठी नगर कोणी मंत्राने लपविलेले नाही. ते ओळखणारे एकेक करून कमी होत आहेत. ज्या घरांत दारावरची पाटी हिंदीत आणि देवघरातली आरती मराठीत आहे, त्यांना वरचे शहर आणि खालचे शहर म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्यापैकी कोणाच्या नातवाने असा खेळ रचावयास घेतला, तर त्याने राक्षस आणि शस्त्रे नंतर काढावीत. आधी आपल्या रस्त्यांची नावे शब्दशः घ्यावीत. मग कोण लपले, कोणाच्या भयाने लपले आणि लपण्याची किंमत कोणी मोजली, याचा चोख हिशेब मांडावा. तो मांडायला त्याला घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी बसावे लागेल, आणि आपल्यालाही त्याला सांगण्याजोगे काही आठवून ठेवावे लागेल.