कलमांक आणि न्यायविवेक

१८६०ची भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलात आली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ आता १०३ झाले. केवळ कलमांक घोकणाऱ्यांचे भांडवल परीक्षेपुरते तरी मातीमोल झाले. तथापि, खुनाच्या व्याख्येखालील उदाहरण तेच राहिले आहे. इजेच्याच हेतूने मारलेल्या तडाख्याने एक रोगी दगावतो. तडाख्याने तो मरण्याचा संभव आहे हे मारणाऱ्यास ठाऊक असेल, तर तो खून. रोग ठाऊक नसेल आणि तडाखा निरोगी माणसाचा जीव घेणारा नसेल, तर खून नव्हे. कृती एकच, भेद ज्ञानाचा. अनेक परीक्षार्थी नेमकी हीच उदाहरणे गाळतात आणि प्रश्नपत्रिका त्यांस तसे करू देतात. हा आमच्या मते अध्यापनाचाच दोष होय. कलमांक ग्रंथात पाहता येतो. हा विवेक मात्र अभ्यासानेच अंगी बाणवावा लागतो.