प्रवाळांचा खरा रंग आणि छायाचित्रकाराची पिवळी काच

प्रवाळ-मत्स्यालयांची जी रंगीत छायाचित्रे अलीकडे विपुल प्रमाणावर प्रसिद्ध होतात, त्यांच्याविषयी दोन परस्परविरुद्ध तक्रारी ऐकू येतात. भिंगापुढे पिवळी वा नारिंगी काच धरून घेतलेले चित्र हे कृत्रिम, सबब खोटे, ही पहिली. काच न लावता घेतलेल्या चित्रात निळ्या लोळापलीकडे काहीच उमटत नाही, सबब तेच खोटे, ही दुसरी. दोन्ही पक्ष त्वेषाने बोलतात. परंतु प्रवाळाला एक निश्चित 'खरा रंग' असतो आणि वाद आहे तो केवळ तो कसा टिपावयाचा एवढाच, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. ह्या गृहीताची तपासणी केल्याखेरीज त्या छायाचित्रांचे मूल्यमापन करणे व्यर्थ होय.

मुळात मत्स्यालयातील उजेड निळा का असतो? समुद्राचे पाणी सूर्यप्रकाशातील तांबडा भाग प्रथम शोषून घेते. दहापंधरा मीटर खोलीवर तो जवळजवळ नाहीसा होतो आणि सर्वांत खोलवर पोहोचतो तो निळा. प्रवाळाच्या पेशींत राहणारी एकपेशीय शैवले ह्याच उजेडावर जगतात. त्यांच्यातील हरितद्रव्य आणि पेरिडिनिन नावाचे रंजकद्रव्य निळा व निळा-हिरवा प्रकाश उत्तम रीतीने ग्रहण करतात. म्हणून हौशी माणूस आपल्या टाकीवर ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देणारे दिवे टांगतो. एवढे कारण पुरेसे असले तरी ते संपूर्ण नव्हे. निळ्या उजेडात पोवळी पेटल्यासारखी दिसतात, आणि मालकाला ते पाहावयाचे असते.

हे पेटणे म्हणजे अनुस्फुरण. निळा प्रकाश शोषून त्याऐवजी अधिक तरंगलांबीचा हिरवा, नारिंगी वा तांबडा प्रकाश बाहेर टाकणारी प्रथिने प्रवाळांच्या ऊतकांत असतात. सागरी पुष्पप्राण्यांतील ह्या गुणाची नोंद फिलिप्स यांनी १९२७ मध्ये केली होती. पालाऊ येथील केंद्रात काम करणाऱ्या कावागुती यांनी १९४४ मध्ये प्रवाळांतील हिरव्या अनुस्फुरक द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीमाशापासून हिरवे अनुस्फुरक प्रथिन वेगळे केल्याचे वृत्त दिले आणि त्या वाटेवरील कार्याबद्दल २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. डिस्कोसोमा ह्या प्रवाळसदृश प्राण्यातील तांबड्या प्रथिनाचे वर्णन १९९९ मध्ये आले. त्याचे उत्सर्जन ५८३ नॅनोमीटरच्या जवळ सर्वाधिक असते. तात्पर्य, ह्या प्राण्यांचे पुष्कळसे रंग म्हणजे वस्तूने परत फेकलेला उजेड नसून वस्तूने स्वतः निर्माण केलेला उजेड आहे, आणि दिवा बदलला की तो बदलतो. आंब्याचा पिवळेपणा ज्या अर्थाने आंब्याचा आहे, त्या अर्थाने हे रंग प्रवाळाचे नाहीत. तरीही ते प्रवाळाचेच आहेत, कारण दुसऱ्या कोणत्याही दगडावर तोच दिवा पाडला असता ते दिसत नाहीत.

न्यू कॅलेडोनियातील नूमेआ येथे १९५६ मध्ये मत्स्यालय उघडणारे रेने कातला यांनी जंबुपार प्रकाशात चमकणारी पोवळी जगाला दाखविली. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे नाव 'कार्नाव्हाल सू ला मेर', म्हणजे समुद्राखालचा कार्निव्हल, असे आहे. नाव मोठे सूचक ठेवले गेले. कार्निव्हल हा मुखवट्यांचा उत्सव. गोव्याचा इंत्रूज पाहिलेल्या वाचकास हे सांगावयास नको की, मुखवटा चढविलेला माणूस खोटा नसतो. पण त्याचा मुखवटा हाच चेहरा, असे कोणी सांगू लागल्यास मात्र फसवणूक सुरू होते.

आता कॅमेऱ्याची अडचण पाहू जाता असे आढळते की, ती तांत्रिक आहे तितकीच तात्त्विकही आहे. डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदक प्रत्येक बिंदूवर तांबडी, हिरवी वा निळी सूक्ष्म गाळणी बसवून रंग मोजतो. ह्या रचनेचे एकस्व कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना १९७६ मध्ये मिळाले. निळ्या दिव्याखाली निळे बिंदू प्रथम काठोकाठ भरतात. त्यांना आवरावे म्हणून उद्भासन कमी केले, तर हिरव्या व तांबड्या बिंदूंच्या वाट्याला इतका अल्प प्रकाश येतो की, मागाहून तो गुणून वाढविताना चित्रभर दाणेदार कचरा उसळतो. उद्भासन तसेच ठेवले, तर निळा उतू जातो. आणि जो बिंदू उतू गेला त्यातील बारकावा कोणतीही संगणक-प्रणाली परत आणू शकत नाही. नारिंगी काचेचे खरे काम येथे आहे. ती निळ्याला दारातच थोपविते, त्यामुळे उद्भासन वाढविता येते आणि हिरव्या-तांबड्यांना पोटभर प्रकाश मिळतो. 'काचेचे काम संगणकावरही होते' हे म्हणणे रंगछटेपुरते बरेचसे खरे आहे, चित्राच्या पोतापुरते खरे नाही.

परंतु कोणती काच? दिवे विकणारे '२०,००० केल्विन' असा आकडा सांगतात. छायाचित्रणातील रूढ रीतीने दहा लाखांस वर्णतापमानाने भागले असता ह्या उजेडाचा अंक ५० येतो. दिवसाच्या ५,५०० केल्विनचा अंक सुमारे १८२. अंतर १३२. रॅटन मालिकेतील '८५ बी' ही पिंगट काच सुमारे १३१ अंकांचा पालट घडविते. कागदावर हिशेब इतका चोख बसतो की, विद्यार्थ्याने हुरळून जावे! पण हा हिशेब तापलेल्या कृष्ण पदार्थाच्या प्रकाशासाठी आहे. असा पदार्थ कितीही तापविला, अगदी अनंत तापमानाची कल्पना केली, तरी त्याचा प्रकाश एका विशिष्ट फिक्या निळ्यापलीकडे जात नाही. ४५० नॅनोमीटरचा गर्द निळा दिवा त्या सीमेच्या पार बाहेर आहे. म्हणजे त्याला वर्णतापमान असा अंकच नाही. निव्वळ निळ्या दिव्यांच्या टाकीस केल्विनचा आकडा चिकटविणे हे वजनाच्या मापाने लांबी सांगण्यासारखे आहे. आणि कॅमेऱ्याचे श्वेतसंतुलन तेथे हात टेकते, यात कॅमेऱ्याचा दोष नाही.

काचांचे दोन वर्ग येथे वेगळे केले पाहिजेत. बहुतेक चर्चांत ते एकत्र कालविले जातात. पिंगट '८५' वर्गातील काच निळा कमी करते, तो नाहीसा करीत नाही. रॅटन १५ सारखी गर्द पिवळी काच मात्र सुमारे ५१० नॅनोमीटरच्या आतील प्रकाश जवळजवळ संपूर्ण अडविते. पहिल्या प्रकारच्या चित्रात पाणी, वाळू, मासे, दगड हे सर्व शिल्लक राहते. दुसऱ्या प्रकारच्या चित्रात जे स्वतः प्रकाशते तेवढेच उरते. बाकीचे काळोखात बुडते, माशाची तर केवळ छाया उरते. हे दुसरे चित्र मत्स्यालयाचे नव्हेच. ते अनुस्फुरणाचा आलेख आहे. आलेख म्हणून ते निर्दोष असेल. 'आमची टाकी' अशा मथळ्याखाली ते छापणे गैर होय.

काचेच्या बाजूने एक मुद्दा असा आहे की, जो तिच्या समर्थकांकडूनही क्वचितच मांडला जातो. मनुष्याचा डोळा सर्व रंगांना सारखा न्याय देत नाही. समान शक्तीच्या प्रकाशाची उजळता मोजण्याच्या प्रमाणित कोष्टकात ५५५ नॅनोमीटरला १ हे मूल्य दिले, तर ५१० ला ०.५०३ आणि ४५० ला अवघे ०.०३८ मिळते. म्हणजे प्रवाळाचा हिरवा उजेड हा तेवढ्याच शक्तीच्या निळ्या उजेडापेक्षा डोळ्याला सुमारे १३ पट उजळ भासतो. त्यात भर अशी की, दृष्टिपटलावरील पीतबिंदूत निळा शोषणारे पिवळे रंजकद्रव्य असते. थोडक्यात, प्रत्येक पाहणाऱ्याच्या डोळ्यात निसर्गानेच एक पिवळी काच बसवून ठेवली आहे, आणि कॅमेऱ्याच्या संवेदकात ती नाही. ह्या दृष्टीने सौम्य पिंगट काच लावणारा छायाचित्रकार चित्रावर रंग चढवीत नसून यंत्राला डोळ्याच्या जवळ आणीत असतो. काच न लावलेले चित्र 'निर्भेळ' म्हणून मिरविणाऱ्यांनी हा मुद्दा अवश्य ध्यानात घ्यावा. मात्र निळ्याची उजळता डोळ्याला कमी भासली तरी त्याची रंगसंवेदना अल्प नसते; टाकीसमोर उभ्या असलेल्या माणसास पाणी निळेच दिसते. सबब निळा समूळ खरडून काढणाऱ्या काचेला हा बचाव लागू पडत नाही. पांढऱ्या विद्युत्-झोताचा पर्याय तर ह्याहून निकृष्ट आहे, कारण त्याच्या पांढऱ्या उजेडापुढे अनुस्फुरण फिके पडते आणि शैवलांचा तपकिरी रंग तेवढा वर येतो.

काच लावणे ही आजची विकृती आहे, ही समजूतही इतिहासाला धरून नाही. ल्यूमिएर बंधूंची ऑटोक्रोम काच १९०७ मध्ये बाजारात आली. तिचे द्रावण निळ्या प्रकाशाला इतके अधिक संवेदनशील होते की, भिंगावर पिवळी-नारिंगी गाळणी लावल्याखेरीज तिच्यावर स्वाभाविक रंग उमटत नसत. लाँगली व मार्टिन यांनी फ्लॉरिडाच्या ड्राय टॉर्टुगास बेटांजवळ १९२६ मध्ये पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली, तीही ह्याच ऑटोक्रोमवर, तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवून. ती १९२७ च्या जानेवारीत 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये आली. त्या चित्रांना कोणी खोटी म्हटल्याचे प्रसिद्ध नाही.

मग आक्षेप उरतो तो कशास? अनुल्लेखास. प्रवाळाचा तुकडा आज चित्र पाहून विकत घेतला जातो आणि किंमत रंगावर ठरते. गर्द पिवळ्या काचेतून घेतलेले, वर संगणकावर भडक केलेले चित्र आणि घरच्या टाकीत उतरलेला तपकिरी तुकडा ह्यांतील अंतर हे कलेचे स्वातंत्र्य नव्हे, तो व्यापारातील लबाडीचा प्रकार आहे. दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. भारतात तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली प्रवाळभित्ती रचणाऱ्या पोवळ्यांना २००१ मध्ये संरक्षण देण्यात आले. चित्राने चाळविलेल्या हौसेचा भार शेवटी कोठल्या तरी समुद्रावर पडतो, हे विसरता येत नाही.

विज्ञानाच्या कामात हा अनुल्लेख अधिकच घातक ठरतो. क्वीन्सलंड विद्यापीठाच्या 'कोरलवॉच' उपक्रमातील रंगपत्रिका प्रवाळाशेजारी धरून त्याचा रंग जुळविला जातो आणि तो किती फिकटला यावरून त्यातील शैवलांचा अंदाज बांधला जातो. अज्ञात दिव्याखाली, अज्ञात काचेतून घेतलेल्या चित्रावरून असा अंदाज बांधू पाहणे हास्यास्पद आहे. शैवले गमावलेला प्रवाळही अनुस्फुरक प्रथिनांच्या बळावर काही काळ झगझगीत दिसू शकतो आणि पिवळ्या काचेतून तर निरोगी प्रवाळाहून अधिक देखणा भासू शकतो. दिवा, काच, उद्भासन आणि श्वेतसंतुलन ह्या चार गोष्टींची नोंद चित्राखाली एका ओळीत मावते. ती नसेल तर चित्र कितीही सुंदर असले तरी संग्रहात घेऊ नये.

ह्याच गर्द पिवळ्या काचेचा एक निर्विवाद उपयोग मात्र समुद्रातच सापडतो. रात्री निळा विद्युत्-दीप आणि मुखवट्यावर पिवळी काच घेऊन उतरलेल्या पाणबुड्यास खडकावर नुकतीच रुजलेली, काही मिलिमीटरांची प्रवाळ-पिल्ले हिरव्या ठिपक्यांसारखी चमकताना दिसतात. दिवसा ती शोधूनही सापडत नाहीत. मालवणच्या किनाऱ्यावरील प्रवाळांचा अभ्यास करणाऱ्यांनी ही पद्धती अवश्य पडताळून पाहावी. गणना करताना एवढी दक्षता हवी की, सर्वच जातींची पिल्ले अनुस्फुरक नसतात, आणि म्हणून काळा दिसलेला खडक रिकामा म्हणून नोंदविता येत नाही.