तारखेनं ओळखलं जाणारं संगीत

ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडच्या जुन्या चाहत्याला ‘डार्क स्टार’ हे गाणं आवडतं का, असं विचारलं तर तो बहुधा उलट प्रश्न करतो : कुठल्या तारखेचं? प्रश्न फटकळ वाटला तरी त्यात एका पूर्ण सौंदर्यदृष्टीचं सार आहे. या मंडळींच्या लेखी गाणं ही वस्तू नाही, घटना आहे. ती अमुक गावात, अमुक रात्री घडली आणि फितीवर उतरली म्हणून आपल्याला मिळाली. १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात हा बँड उभा राहिला आणि १९९५च्या ऑगस्टमध्ये जेरी गार्सिया हा त्याचा प्रमुख गिटारवादक गेल्यावर थांबला. मधल्या तीस वर्षांत त्यांचे सुमारे २,३०० कार्यक्रम झाले. आज काय वाजवायचं हे बरंचसं मंचावरच ठरे. एका गाण्यातून दुसऱ्यात न थांबता जाणं, मधला रस्ता तिथल्या तिथे शोधणं, हीच त्यांची खरी कला. या वादनप्रकाराला ‘जॅम’ म्हणतात आणि जॅम बँड ही जात मुख्यतः त्यांच्यापासून सुरू होते.

स्टुडिओत केलेले त्यांचे अल्बम मला मध्यम वाटतात, आणि असं म्हणणारा मी एकटा नाही. ‘डार्क स्टार’च १९६८ साली छोट्या तबकडीवर आलं तेव्हा तीन मिनिटांहूनही कमी होतं. मंचावर ते अर्धा-अर्धा तास चाले. म्हणजे बँडचं मुख्य साहित्य दुकानात मिळतच नव्हतं. ते श्रोत्यांनी रेकॉर्ड करून आणलेल्या कॅसेटींत होतं. बँडनं त्याकडे काणाडोळा केला आणि पुढे रीतसर परवानगीच दिली. ऑक्टोबर १९८४मध्ये बर्कलीच्या कार्यक्रमापासून रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी मिक्सरच्या मागे वेगळी जागा ठेवली जाऊ लागली, कारण तोवर त्यांच्या माइकांच्या उंच काठ्यांचं रानच ध्वनिनियंत्रकाच्या डोळ्यांसमोर उभं राहत असे. अट एकच : फितीचा पैसा करायचा नाही. नवख्यानं कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल पाठवायचं, जुन्यानं प्रत करून द्यायची. एका फितीच्या पाच प्रती, त्या पाचांच्या पंचवीस, अशा पसाऱ्याला ते झाड म्हणत.

या झाडामुळे एक अडचण उभी राहिली आणि माझ्या लेखाचा विषय तीच आहे. कॅसेटची प्रत केली की खरखर वाढते, वरचे स्वर बोथट होतात. दोन यंत्रांचा वेग किंचित वेगळा असला तर पट्टीही सरकते. पाचव्या-सहाव्या पिढीची प्रत ऐकणारा माणूस नेमकं काय जोखत असतो? गार्सियाची ती रात्र, की फितीचं नशीब? डेडहेड म्हणवणाऱ्या या रसिकांनी क्रमवाऱ्या केल्या, वह्या भरल्या, १९८७पासून कार्यक्रमांच्या यादीचे जाडजूड ग्रंथ काढले. पुढे फितींची मैफिलीगणिक समीक्षा करणारा तीन खंडांचा कोशही झाला. या सगळ्यात जी मैफल सर्वश्रेष्ठ म्हणून पुन्हा पुन्हा वर आली ती ‘५-८-७७’. (अमेरिकेत महिना आधी लिहितात, आपल्याकडचा वाचक ही तारीख ५ ऑगस्ट वाचेल. ती आहे ८ मे १९७७, रविवार.) न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचं गाव आहे, तिथल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली ही मैफल. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१२मध्ये हे ध्वनिमुद्रण राष्ट्रीय ठेव्यात घेतल्याचं जाहीर केलं. तिची कीर्ती इतकी, की ती रात्र मुळात झालीच नाही, सगळा सरकारी बनाव आहे, असा विनोदही चाहत्यांत चालतो.

आता फितीचं नशीब पाहा. बँडच्या ध्वनिमुद्रकांत बेटी कँटर-जॅक्सन ही बाई होती. साधारणतः मिक्सरवरून थेट घेतलेली फीत सदोष असते. मंचावर जे वाद्य मुळातच मोठ्यानं वाजतं त्याला सभागृहाच्या कर्ण्यांतून फारसं सोडावं लागत नाही, म्हणून फितीवर ते बारीक येतं आणि गायकांचे गळे मात्र छातीवर बसतात. बेटी फितीसाठी स्वतंत्र तोल साधत असे. तिच्या रिळांत बास गिटार भिंतीसारखी उभी आहे, दोन ड्रमर डावी-उजवीकडे सुटे ऐकू येतात, पियानो कुठे हरवत नाही. १९८६ साली भाडं थकल्यामुळे तिच्या सामानाची कोठी लिलावात निघाली आणि ही रिळं परक्यांच्या हाती गेली. त्यांच्या प्रती पुढच्या एक-दोन वर्षांत झाडावर आल्या. खरखरीला सरावलेल्या कानांना अचानक काचेसारखा स्वच्छ आवाज मिळाला, आणि त्या गठ्ठ्यात कॉर्नेल होतं.

म्हणून संशय घेणं रास्तच आहे. मैफल श्रेष्ठ म्हणून फीत पसरली, की फीत सुंदर म्हणून मैफल श्रेष्ठ ठरली? चाहत्यांतले जाणते हा प्रश्न फार आधीपासून विचारत आले आहेत. त्यांना भाबडे समजणाऱ्यांनी त्यांची वाद घालण्याची शिस्त पाहिलेली नसते. पण बरेच दिवस या प्रश्नाची नीट परीक्षा करता येत नव्हती. २०१७ साली ती सोय झाली. त्या वर्षी ५ मे (न्यू हेवन), ७ मे (बॉस्टन), ८ मे (कॉर्नेल) आणि ९ मे (बफेलो) अशा चार मैफिली अधिकृतपणे एकत्र प्रसिद्ध झाल्या. तोच बँड, तोच आठवडा, फितीही बेटीच्याच. आवाजाच्या दर्जाचा फरक जवळजवळ शून्यावर आला. उरलं फक्त वादन.

मी त्या चार रात्री लागोपाठ आणि उलटसुलट क्रमानं ऐकल्या आहेत. कॉर्नेलचा पूर्वार्ध, ‘डान्सिंग इन द स्ट्रीट्स’ सोडलं तर, त्याच्या कीर्तीला पुरा पडत नाही. तो चोख आहे, इतकंच. १९७७च्या आरंभी बँड स्टुडिओत एका काटेकोर निर्मात्याच्या हाताखाली तालमी करून आला होता. त्या वसंतात चोखपणा त्यांना रोजचा झाला होता. दुसऱ्या रात्री बफेलोला ‘हेल्प ऑन द वे’, ‘स्लिपनॉट’ आणि ‘फ्रँकलिन्स टॉवर’ या जोडमालिकेनं जी सुरुवात होते, तिची वीण कॉर्नेलच्या पूर्वार्धातल्या कुठल्याही तुकड्यापेक्षा घट्ट आहे. बफेलोची फीत एकटीच आधी हाती आली असती तर आज ठेव्यात कदाचित तीच असती.

उत्तरार्धापाशी मात्र माझा संशय गळून पडतो. ‘स्कार्लेट बिगोनियाज’मधून ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये जाणारा पंचवीस-सव्वीस मिनिटांचा प्रवास. ही दोन गाणी जोडून वाजवायला लागून त्यांना जेमतेम दोन महिने होत होते. जोड कुठे आहे हे दाखवता येत नाही. पहिल्या गाण्याचा ठेका सैल होत जातो, डॉना गॉडशॉ शब्दांशिवाय नुसता आवाज लावते, आणि कधीतरी लक्षात येतं की बास केव्हाच दुसऱ्या गाण्यात जाऊन बसला आहे. ‘फायर’ला स्वरसंघ दोनच. त्या दोनांवर गार्सिया पाऊण-एक ओळीची वाक्यं टाकतो, श्वास घेतो, मागचं वाक्य जिथे सोडलं तिथून पुढचं उचलतो. गडबड कुठेच नाही. त्यानंतर शेवटाला ‘मॉर्निंग ड्यू’. अणुयुद्धानंतरच्या ओसाड पृथ्वीवरचं बॉनी डॉबसनचं हे गाणं इथे जवळपास चौदा मिनिटांचं होतं. अखेरीस गार्सिया एकेक सूर वेचणं सोडून तारा नुसत्या झपाट्यानं छेडत राहतो आणि बाकीचे त्याच्या खाली जमीन वर उचलत नेतात. इतर रात्रींच्या ‘ड्यू’मध्ये हा कळस अनेकदा आधी येतो आणि मग लांबवावा लागतो. इथे तो उशिरा येतो आणि लगेच संपतो. हा गुण फितीचा नव्हे. (या सगळ्यानंतर रविवारच्या रात्री त्यांनी ‘वन मोअर सॅटर्डे नाइट’ वाजवून निरोप घेतला, हेही त्यांच्या स्वभावाला धरूनच.)

स्वच्छ फितीलाही एक उणेपणा असतो. बार्टन हॉल मुळात कवायतीसाठी बांधलेला, उंच छपराचा. श्रोत्यांतून घेतलेल्या त्याच रात्रीच्या फिती मिळतात. त्यांत घुमारा आहे, बास मातकट आहे, पण ‘सेंट स्टीफन’ ओळखू आल्यावर उठणारी आरोळीही आहे. बेटीच्या रिळात वादक एकमेकांना ऐकतायत असं वाटतं, श्रोत्यांच्या फितीत कुणीतरी त्यांना ऐकतंय असं वाटतं. काही चाहते दोन्ही फिती एकत्र करतात. काम किचकट आहे. माइक मंचापासून तीस मीटर लांब असेल तर आवाज तिथे पोचायला सेकंदाचा अकरावा-बारावा भाग लागतो. तेवढं अंतर आधी काढून टाकायचं, मग दोन यंत्रांच्या वेगातला फरक तासाभरात किती साठला ते पाहून जागोजागी सावरायचं. २००५ साली बँडच्या व्यवस्थापनानं इंटरनेट अर्काइव्हवरच्या फिती उतरवून घेण्याची मोकळीक काढून घेतली तेव्हा मोठा गदारोळ झाला. बासवादक फिल लेश यानंही आपला या निर्णयाशी संबंध नसल्याचं जाहीर केलं. काही दिवसांत तडजोड झाली : श्रोत्यांच्या फिती उतरवून घेता येतील, मिक्सरवरच्या फक्त तिथेच ऐकायच्या. व्यवहार म्हणून ते समजण्यासारखं आहे. मला त्यात दिसतो तो हा जुनाच भेद : आवाज कुणाचा आणि ऐकणं कुणाचं.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. खासगी बैठकींच्या स्पूलफिती आपल्याकडेही घराघरांत आहेत. त्या सालचा तोडी आणि या सालचा तोडी यांवर आपणही रात्री जागवल्या आहेत. पण मी पाहिलेल्या अशा किती तरी फितींच्या डब्यांवर गवयाचं नाव आणि राग असतो, तारीख नसते, तबल्यावर कोण तेही नसतं. आणि ‘ऐकवतो, पण प्रत मागू नका’ हे वाक्य मी एकाहून अधिक दिवाणखान्यांत ऐकलं आहे. संग्राहकांची आपली कारणं असतील. कलावंताला दिलेला शब्द हे त्यातलं सर्वांत मानाचं. परिणाम मात्र असा, की दोन मैफिलींची तुलना आपल्याकडे बहुधा आठवणीवर चालते आणि आठवणीला उलटतपासणी करता येत नाही. डेडहेडांचं उलट. त्यांच्यातला डिक लॅटव्हाला हा साधा संग्राहक पुढे बँडच्या फितींच्या कोठाराचा राखणदार झाला. त्याच्या निवडीतून १९९३पासून ‘डिक्स पिक्स’ ही मालिका निघाली, ती ३६ भागांपर्यंत गेली. या फितींतले दोष झाकता येणार नाहीत, हे खरेदीदाराला वेष्टनावरच बजावलेलं असे.

आणखी एक धागा खराच आपल्याकडचा आहे. ड्रमर मिकी हार्ट हा अल्लारखाँच्या तालविचारानं भारलेला होता. मुंबईत जन्मलेल्या झाकीर हुसेनबरोबर त्यानं १९७६ साली ‘डिगा’ हा अल्बम केला. डेडच्या गाण्यांत अकरा मात्रांचं ‘द इलेव्हन’ आहे, दहांचं ‘प्लेइंग इन द बँड’ आहे. ‘डार्क स्टार’ ज्या मिक्सोलिडियन स्वरपंक्तीत फिरतं ते आपल्या खमाज थाटाचेच स्वर : सगळे शुद्ध, निषाद कोमल. तेवढ्यावरून राग शोधू नये. पण एका स्वरावर ठाण मांडून बाकीच्यांना त्याच्याभोवती हिंडू देणं म्हणजे काय, हे सांगायला आपल्या श्रोत्याला वेळ लागत नाही.

‘डार्क स्टार’ची तुलना कॉर्नेलपेक्षा अवघड आहे, कारण इथे बरा-वाईट असा निकाल देताच येत नाही. २७ फेब्रुवारी १९६९, सॅन फ्रान्सिस्कोचं फिलमोर वेस्ट : ‘लाइव्ह/डेड’वरचं हे रूप तेवीस मिनिटांचं आहे. दोन ड्रमर आहेत, ऑर्गन आहे, आणि कितीही लांब गेलं तरी ओळखीच्या छोट्या सुरावटीकडे परत येण्याची ओढ आहे. २७ ऑगस्ट १९७२, ऑरेगनमधलं व्हेनेटा : एका दुग्धशाळेच्या मदतीसाठी उघड्या माळावर केलेला कार्यक्रम. पराकोटीचा उकाडा, गिटारी सुरात राहीनात. हार्ट त्या काळात बँडमध्ये नव्हता, म्हणून ड्रमर एकच. पियानोवर कीथ गॉडशॉ. इथे सुरावट परत येण्याची हमी नाही. वाद्यं एकमेकांपासून इतकी दूर जातात की गाणं चालू आहे की संपलं, हे काही काळ कळत नाही.

जॉन ऑस्वाल्ड या कॅनेडियन संगीतकारानं १९९०च्या दशकात या प्रश्नावर वेगळाच तोडगा काढला. १९६८ ते १९९३ या काळातली शंभरावर ‘डार्क स्टार’ घेऊन, एकावर एक रचून त्यानं ‘ग्रेफोल्डेड’ हे दोन तबकड्यांचं काम केलं. तरुण गार्सिया आणि म्हातारा गार्सिया एकाच क्षणी गातात. काम असामान्य आहे, पण मी ते फार वेळा ऐकत नाही. सगळ्या रात्री एकदम वाजल्या की निवड करायला काही उरत नाही, आणि निवड करताना गेलेल्या संधीही ऐकू येत नाहीत. व्हेनेटाला अर्ध्या तासाच्या त्या निराकार भटकंतीनंतर, सगळं विरून जाणार असं वाटत असताना, बॉब वेअर सरळ ‘एल पासो’ हे गुराख्याचं साधंसुधं गाणं उचलतो. ड्रमर दोन-तीन आवर्तनांत त्याला पकडतो, आणि मावळत्या उन्हात माळावरची माणसं पुन्हा नाचू लागतात.