चौक, चिन्ह आणि एक काळा फळा

दिवाळीच्या पहाटे दारात रांगोळी घालणाऱ्या बाईला आपण एखादी शास्त्रोक्त पद्धती राबवीत आहोत असे कधी वाटत नसेल. ती अकरा ठिपके अकरा ओळी मोजते, मधला एखादा ठिपका चुकला तर जीभ चावते, बोटाने पुसते, आणि त्याच ठिपक्यांतून यंदा कमळ काढते; गेल्या साली कासव निघाले होते. ठिपके तेच, उंबरठा तोच, चित्र मात्र दरसालचे निराळे. आज मोठमोठ्या संस्था आपल्या चिन्हासाठी ज्या गोष्टीवर पुष्कळ पैसा खर्च करतात ती मुळात एवढीच आहे: थोडे ठरलेले तुकडे घ्यावेत, ते जोडण्याचे काही नियम बांधावेत, आणि मग प्रसंग पडेल तशी चित्रे त्यांतून काढीत राहावीत.

हे मला सुचले ते मुरबाडास. त्या तालुक्यातील एका वाचनालयाने (नाव सांगत नाही, मंडळी भली आहेत) आपल्यासाठी असा चिन्हांचा संच करून घेतला होता. एकच एक बोधचिन्ह नको, दर कार्यक्रमाला वेगळे पण आपलेच वाटेल असे रूप हवे, ही त्यांची इच्छा. मुंबईच्या दोन तरुणांनी तो संच केला; वर्गणी गावाने भरली. कार्यवाहांचा निरोप आला, "तुम्ही चित्रांवर लिहिता, मग एकदा येऊन बघाच की!" कल्याणहून एस.टी.ने गेलो. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे विचार करायला वेळ भरपूर मिळतो.

पुस्तिका चाळीस पानांची होती. पहिल्या पानावर गेरूच्या रंगाचा चौकोन, त्याचे चार घर, आणि घराघरात बसतील असे बारा तुकडे: पुरुष, स्त्री, झोपडी, झाड, सूर्य, तारपा वाजवणारा, नाचणारी साखळी, उघडे पुस्तक, असे. सगळे वारली धाटणीचे. कोणतेही चार उचला, चौकोनात ठेवा, झाले नवे चिन्ह. प्रथमदर्शनी मला ते आवडले, आणि तसे कबूल करायला हवे. पावतीपुस्तक, व्याख्यानमालेचे पत्रक, बालविभागाची पाटी ही तोवर तीन वेगवेगळ्या घरांतून आल्यासारखी दिसत. ती आता भावंडे दिसू लागली होती. शिवाय सारे एका रंगात छापता येते, आणि तालुक्याच्या छापखान्याला ही गोष्ट लहान नाही.

मग वारली चौकाची आठवण आली, आणि मन थोडे खट्टू झाले.

वारल्यांच्या घरी लग्न असले की भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढतात. सवासिनी काढतात, आणि तो झाल्याशिवाय लग्न लागत नाही. चौकाच्या मधोमध पालघट देवी. भोवती नक्षीच्या पट्ट्यांची चौकट. सूर्यचंद्र, झाडे, घोड्यावरचे नवरानवरी. शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणते. आता पाहा, इथेही तुकडे मोजकेच आहेत. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे धड होते, वर वर्तुळ ठेवले की डोके. या अर्थाने ही जगातील एक उत्तम जोडचित्रकला आहे. पण तिचे बळ तुकड्यांत नाही. मध्ये कोण बसणार, बाहेर कोण, काढणार कोण, आणि कोणत्या दिवशी, हे सगळे आधी ठरलेले असते. बाकीची मोकळीक त्यानंतरची. पुस्तिकेने त्रिकोण उचलले आणि हे ठरलेपण भिंतीवरच ठेवले.

यावर कुणी म्हणेल, वारली चित्र भिंतीवरून कागदावर आले त्याला अर्धशतक उलटले, आता सोवळे कशाचे? खरे आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांत हिंडले, आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) कागदावर व कापडावर रंगवू लागले. बायकांचे लग्नकार्यातले काम एका पुरुषाने रोजचे केले. २०११ साली त्याबद्दल त्यांना पद्मश्रीही मिळाली. चौकाची चौकट त्यांनी मोडली हे मान्यच आहे. पण मशे यांचे मासे धरायचे जाळे एकदा नीट पाहावे. सगळा पट बारीक बारीक रेघांनी भरलेला, आणि त्यांतली एक रेघ दुसरीसारखी नाही. त्यांनी चौकट मोडली ती जागा भरण्यासाठी. इथे चौकट ठेवली आणि आत शिक्का मारला. बारा तुकड्यांतला पुरुष चाळीस पानांवर तंतोतंत तोच आहे, हात तसाच वर केलेला. दहाव्या पानावर तो मला दमलेला वाटू लागला.

आणखी एक गोष्ट. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा डहाणू, तलासरी, जव्हार हा वारली चित्रांचा मुख्य मुलूख तिकडे गेला. शहापूर-मुरबाड ठाण्यात राहिले. इथे वारली आहेतच, पण ठाकर आणि कातकरी यांच्याही वाड्या आहेत, आणि वाचनालयाच्या बालविभागात पुस्तक उलटे धरून चित्रे पाहणारी पोरे त्यांचीही आहेत. आदिवासी म्हटले की वारली त्रिकोण, हा आळस शहराने करावा हे समजते. तालुक्याच्या गावाने तो शहराकडून वर्गणी भरून विकत घ्यावा, याचे मला वाईट वाटले.

बाहेरच्या जगात हे काम कसे झाले आहे? स्वित्झर्लंडात बाझेल येथे कार्ल गेर्स्टनर यांनी १९५९च्या सुमारास ग्रामोफोन तबकड्यांच्या एका दुकानाला असे चिन्ह दिले, की त्याची चौकट जागेप्रमाणे लांबते, रुंदावते, पण अक्षरांशी तिचे नाते सुटत नाही. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी ओट्ल आयखर यांनी उभ्या, आडव्या आणि तिरप्या रेघांच्या जाळीतून खेळाडूंच्या आकृत्या केल्या. पोहणारा आणि धावणारा एकाच रक्ताचे दिसतात. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने २०१३ साली घेतलेले चिन्ह तर नुसती एक नागमोडी रेघ आहे. चित्राने जागा व्यापून जे उरेल त्यात ती पसरते. तिघांनीही नियम आधी केला. आकार त्यातून निघाले.

आता मुख्य गोष्ट सांगतो. संच हाती आल्यावर पंधरा दिवसांत वाचनालयाचे एक जुने सभासद वारले. रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे, नेहमीच्या खुर्चीवर बसणारे. ग्रंथपाल बाईंनी शोकसभेचे पत्रक करायला घेतले. पुस्तिकेचा नियम असा की चिन्हाशिवाय पत्रक काढायचे नाही, आणि चारही घरे भरलीच पाहिजेत. नाचणारी साखळी बाजूला ठेवली. तारपेवालाही ठेवला. झोपडी, झाड, सूर्य, पुस्तक लावून पाहिले, तर पत्रक वनभोजनाचे दिसू लागले. बाई मला म्हणाल्या, "सर, चारही घरं रिकामी ठेवायला परवानगी असती ना, तर मी तेवढंच केलं असतं."

माझ्या मते त्या पुस्तिकेची खरी परीक्षा ती एका वाक्यात झाली. बारशापासून बाराव्यापर्यंत सगळे पेलेल तीच चिन्हपद्धती. वाचनालय हे गावाचे घर आहे, आणि घरात दुःखही येते; या बारा तुकड्यांत त्याला बसायला जागा नव्हती. पत्रकाचा मजकूर मंगल नावाच्या टंकात जुळवलेला होता हा तर निव्वळ योगायोग. तो टंक र. कृ. जोशी यांचा. अक्षरावर ज्यांनी जन्मभर विचार केला त्या जोशींचा (१९३६–२००८) हात संगणकातून का होईना या वाचनालयात आधीच पोचला होता, आणि पुस्तिकेचे कर्ते मात्र अक्षराला चौकोनाच्या खाली, ओशाळल्यासारखे, एका ओळीत उभे करून मोकळे झाले. चाळीस पानांत देवनागरीवर एक पान नाही. कमल शेडगे (१९३५–२०२०) नाटकाचे नाव नुसत्या अक्षरांत असे लिहीत की नाटकाचा स्वभाव कळावा. त्या महाराष्ट्रात हे घडावे!

अखेर बाईंनी पत्रक सोडले आणि दारातला काळा फळा पुसला. मी तेव्हा तिथे नव्हतो, पण त्या कसे लिहितात ते त्यांनी मला करून दाखवले. आधी खडू आडवा धरून फळ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सलग रेघ ओढतात. मग तिच्याखाली अक्षरे टांगत जातात. नवीन पुस्तके आली की त्या रेघेखाली पुस्तकांची नावे, व्याख्यान असले की वक्त्याचे, परीक्षेत मुले पास झाली की मुलांची. त्या दिवशी रेघ तीच होती. खाली एक नाव आणि सभेची वेळ, बाकी फळा काळाच.

मी कार्यवाहांना म्हटले, तुमचे चिन्ह या फळ्यावर आहे. शिरोरेघ म्हणजे फळी; तिच्यावर पुस्तके ठेवा, तिच्याखाली अक्षरे लावा, लांबवा, आखूड करा, काहीच नको असेल तेव्हा नुसती ओढा. रबरी शिक्क्यातही ती बिघडत नाही. आणि चित्र हवेच असेल तर बालविभागातल्या पोरांकडून दर वर्षी काढून घ्या, ठाकरवाडीच्या, कातकरवाडीच्या, सगळ्यांकडून, नि त्या फळीवर मांडा. कार्यवाहांनी चहा मागवला. ते म्हणाले, "तुमचं पटतंय हो, पण वर्गणीचे पैसे गेले ना! पावतीपुस्तकं दोन वर्षांची छापून बसलीत."

ती संपेपर्यंत गेरूचा चौकोन राहील असे ठरले. मात्र पुस्तिकेच्या नियमांत बाईंनी आपल्या हाताने, पेनाने, एक ओळ वाढवली आहे: घरे रिकामी ठेवता येतील. त्यावर समितीच्या सह्या झाल्या आहेत.