म्हण कोणाच्या तोंडची?

मराठी घरात म्हणीवाचून एक दिवस जात नाही, आणि मराठी शाळेत म्हणींइतका निर्जीव विषय दुसरा नाही. ही तक्रार कोणा बाहेरच्याची नव्हे. वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून ‘म्हणीचा अर्थ सांगा’ असे घोटून घेणाऱ्या मास्तराचीच ती आहे.

मुलांच्या मार्गदर्शकांत प्रत्येक म्हणीपुढे एकच अर्थ छापलेला असतो. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’. अर्थ : प्रत्येकाला केव्हातरी अधिकार मिळतो. झाले! वाचक भगिनींनो, एवढ्यावर तुमचे समाधान होते का? हेच वाक्य सासू बोलते तेव्हा त्यात कमरेच्या किल्ल्या सुटल्याचा निःश्वास असतो. सून भांडी घासताना पुटपुटते तेव्हा ती दिवस मोजीत असते. आणि ओट्यावरची शेजारीण बोलली, तर तिला दोघींचीही गंमत वाटत असते. तोंड बदलले की म्हण बदलते.

संग्राहकांना हे तोंड टिपता येत नाही. तो त्यांचा दोषही नव्हे. १८९९ साली मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने आपल्या म्हणी इंग्रजी भाषांतरासह ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केल्या. पुढे दाते आणि कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ सिद्ध केला. अशा ग्रंथांचे उपकार मोठे. ‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण विचारली की अर्धा वर्ग सांगतो, बैल गेल्यावर मालक निजला! झोपा म्हणजे गोठ्याचे दार, हे सांगायला कोशच हवा. गोठा आता कितीजणांच्या घरी उरला आहे?

पण शब्दार्थ कळला म्हणजे म्हण कळली असे नाही. म्हणींना आपण पूर्वजांचे शहाणपण म्हणतो, तेव्हा हे पूर्वज आपसात किती भांडत होते ते विसरतो. एक म्हणतो, ‘गाव करी ते राव न करी’. दुसरा लगेच ऐकवतो, ‘बारभाईंची शेती, काय लागेल हाती!’ दोघेही खरे. एकाने गावकऱ्यांना एकजुटीने विहीर खणताना पाहिले असेल, दुसऱ्याने भाऊबंदकीत बांध रेटलेला पाहिला असेल. म्हण हा सिद्धान्त नव्हे. वादात ऐन वेळी टाकलेला शब्द आहे. म्हणून ती लागते कोणाला, हेही पाहावे लागते.

हे मी शिकलो ते फार उशिरा, आणि एका मुलीला दुखवून. सहावीतली मुलगी, गृहपाठ कायम अर्धा. कारण विचारले तर म्हणाली, ‘संध्याकाळी दिवे जातात, गुरुजी.’ मी भर वर्गात ‘नाचता येईना, अंगण वाकडे!’ म्हणून मोकळा झालो. वर्ग खळखळून हसला. ती खाली बसली.

पुढच्या आठवड्यात तिच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. दिवे जात नव्हते. बिल थकल्यामुळे वीजच तोडली होती, आणि पोरीने ते झाकले होते. मी काही विचारण्याआधीच तिची आजी म्हणाली, ‘आडातच नाही गुरुजी, तर पोहऱ्यात कुठून येणार?’

मी चमकलो. नेमकी हीच म्हण मी चाचणीत घातली होती. मार्गदर्शकातला अर्थ होता : अंगी मुळात गुण नसेल तर तो प्रकट कसा होणार? या मुलीने लिहिले होते, ‘घरात नसेल तर हट्ट करू नये.’ त्यावर मी तांबडी फुली मारली होती.

दुसऱ्या दिवशी तिचा पेपर मागवून ती फुली खोडली आणि दोन गुण वाढवले. तिने पेपर उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, ‘गुरुजी, मग वार्षिकला कुठला अर्थ लिहू?’