बुद्धिबळाची परिभाषा : पटावरील अर्थ आणि व्यवहारातील अर्थ

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, १९१२ मध्ये खुल्या झालेल्या खासबाग मैदानाच्या परिसरात, 'त्याने पट काढला' हे वाक्य उच्चारले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर झेप घेणारा मल्ल उभा राहतो. हेच वाक्य बुद्धिबळ खेळणाऱ्यांच्या बैठकीत उच्चारले, तर चौसष्ट घरांचा फलक मांडण्यासाठी बाहेर काढला, एवढाच त्याचा अर्थ होतो. 'डाव' या शब्दाचीही हीच स्थिती आहे. तालमीत ढाक हा एक डाव, कलाजंग हा दुसरा. एका कुस्तीत असे अनेक डाव पडतात. बुद्धिबळात मात्र आरंभापासून निकालापर्यंतचा सगळा खेळ मिळून एक डाव होतो, आणि त्याच्या घटकास 'चाल' किंवा 'खेळी' म्हणतात. एकाच पेठेत, कित्येकदा एकाच माणसाच्या तोंडी, हे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. त्यांची गल्लत बोलणारे करीत नाहीत. ती करतात ते शब्दांच्या याद्या तयार करणारे.

बुद्धिबळाच्या संज्ञांचे अर्थ देण्याची रूढ पद्धत अशी की, डाव्या बाजूस मराठी शब्द आणि उजव्या बाजूस इंग्रजी प्रतिशब्द मांडावयाचा : वजीर म्हणजे क्वीन, हत्ती म्हणजे रूक, उंट म्हणजे बिशप. खेळ शिकू पाहणाऱ्या मुलास एवढे पुरते. भाषेच्या अभ्यासकास ते पुरू नये, कारण या जोड्यांत अर्थ दिलेला नसतो, केवळ सोंगटीची ओळख पटविलेली असते.

सोंगट्यांच्या नावांपासूनच पाहावे. खेळाचे नाव मराठीने 'शतरंज' असे न ठेवता संस्कृत घटकांतून घेतले. जुन्या वळणात ते अनेकवचनी होते आणि लोक 'बुद्धिबळे' खेळत. नाव संस्कृत, पण पटावरचा दरबार बव्हंशी अरबी-फारसी : वजीर, प्यादे, शह, मात. प्राचीन चतुरंगातील हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांपैकी रथ मराठी पटावरून नाहीसा झाला, त्याच्या कोपऱ्यात हत्ती येऊन उभा राहिला आणि तिरक्या चालीची जागा उंटाने घेतली. बंगालीत कोपऱ्यात नौका असते आणि तिरका जाणारा गज असतो. म्हणजे बंगाली खेळाडूचा गज आणि मराठी खेळाडूचा हत्ती यांचा कोशातील अर्थ एक असूनही पटावर ते दोन भिन्न मोहरे आहेत. प्रतिशब्दांच्या यादीवर विसंबणारा अनुवादक येथे हमखास फसतो.

वजिराची कथा याहून बोधक आहे. फारसी खेळातील 'फर्जीन' हा शहाचा सल्लागार तिरपे एकच घर चाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात या मोहऱ्यास सर्व दिशांनी लांबवर जाण्याचे सामर्थ्य मिळाले. तेथे त्याची राणीही झाली. मराठीने सामर्थ्य स्वीकारले आणि नाव पुरुषाचेच ठेवले. राणी पत्त्यांत राहिली, पटावर आली नाही. राजा एक घर चालतो आणि प्रधान साऱ्या पटावर वावरतो, ही व्यवस्था पेशवाई पाहिलेल्या भाषेस खटकली नाही, हा योगायोग मनोरंजक आहे. त्यावरून कोणी व्युत्पत्ती मात्र रचू नये.

परिभाषेचा खरा प्रश्न उभा राहतो तो 'शह' या शब्दापाशी. फारसीत शाह म्हणजे राजा. प्रतिपक्षाच्या राजावर मारा झाला की त्या राजाचाच उच्चार करून सावध करावयाचे, यातून ही संज्ञा आली. पटावर शह हा पराभव नव्हे, पराभवाचा आरंभही असेल असे नाही. शह बसलेल्या खेळाडूस साधारणतः तीन मार्ग असतात : राजा हलविणे, शह देणारा मोहरा मारणे, किंवा मध्ये आड घालणे. शह घोड्याचा असेल तर आड घालता येत नाही. दुहेरी शह असेल तर राजा हलविण्यावाचून गत्यंतर नसते. मराठी व्यवहारात मात्र 'अमक्याने तमक्यास शह दिला' म्हणजे त्याचा बेत हाणून पाडला. पटावर जी सूचना आहे, ती व्यवहारात परिणाम होऊन बसली. इतिहासलेखनात 'निजामास शह' असा प्रयोग वाचताना हा भेद विसरला, तर लेखकाला दबाव अभिप्रेत असताना वाचक पाडाव समजतो. शब्दाचा हा विस्तार अशुद्ध ठरविण्याचे कारण नाही. पण कोशाने दोन्ही अर्थ एकाच ओळीत कोंबावेत, यास समर्थन नाही.

'काटशह' या शब्दाच्या बाबतीत तर व्यवहाराने पटालाच उलटे टांगले आहे. वृत्तपत्रांतील राजकारण अखंड शह-काटशहांचे असते. प्रत्यक्षात शहाला शहानेच उत्तर देणे क्वचित जमते. आड घातलेल्या, किंवा शह देणाऱ्यास मारणाऱ्या मोहऱ्याने त्याच खेळीत उलट शह दिला, अथवा राजा सरकल्यामुळे मागच्या मोहऱ्याचा मारा उघडा झाला, तरच ते साधते. जे खेळात विरळ आणि म्हणून सुंदर, ते रूपकात नित्याचे होऊन गुळगुळीत झाले.

'मात' या शब्दाविषयी 'राजा मेला' असा अरबी अर्थ सर्रास सांगितला जातो. फारसीतील 'हतबल, निरुपाय झालेला' हा अर्थ खेळाशी अधिक जुळतो, कारण बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही; त्याला जाण्यास घर उरत नाही, एवढेच घडते. मराठी प्रयोगांचा कौलही याच बाजूस पडतो. 'अडचणींवर मात केली' असे म्हणताना अडचणी ठार झाल्या, असे कोणास अभिप्रेत नसते. 'प्यादेमात' या जोडशब्दात मात्र निराळीच छटा आहे. प्याद्याने दिलेली मात नियमाप्रमाणे इतर कोणत्याही मातीएवढीच. तिला वेगळे नाव मिळाले ते तिच्यातील मानहानीमुळे. इंग्रजी प्रतिशब्दाच्या रकान्यात ही मानहानी कोठे नोंदवावयाची?

प्याद्याचे दुसरे रूपक 'प्याद्याचा वजीर होणे' हे. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार शेवटच्या घरी पोचलेल्या प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा यांपैकी खेळाडू इच्छील तो मोहरा होतो. जुन्या देशी खेळात ही मोकळीक नव्हती. बहुधा ज्या रांगेत प्यादे पोचेल त्या रांगेचाच मोहरा ते होई, आणि प्रत्येक प्यादे वजीर होऊ शकत नसे. त्या खेळात या वाक्प्रचारातील दुर्मिळ भाग्याचा अर्थ अधिक कसदार होता.

देशी आणि आंतरराष्ट्रीय नियमांतील ही तफावत लक्षात घेतली म्हणजे काही संज्ञांचा अभावही उलगडतो. देशी खेळात प्यादे आरंभी दोन घरे जात नसे, म्हणून त्याला वाटेत मारण्याच्या नियमास मराठीत जुना शब्द नाही. फ्रेंच 'आँ पासाँ' तसाच चालतो आणि चालावा. राजा-हत्तीच्या संयुक्त खेळीसही जुना शब्द नसणार, कारण तेथे शह बसण्यापूर्वी राजास एकदा घोड्याची उडी घेण्याची सवलत असे. नंतर रुळलेला 'किल्लेकोट' हा शब्द कानास गोड आहे, पण तो इंग्रजी 'कॅसल'च्या छायेत जन्मला. मराठी पटावर किल्ला नाही, कोपऱ्यात हत्ती आहे. तरीही शब्द रुळला आहे, त्याला हात लावू नये.

उलट जेथे मराठीचा स्वतःचा शब्द नेमका आहे, तेथे तो सोडण्याची घाई होते, ही खरी तक्रार आहे. घोडा 'अडीच घरे' जातो, या दोन शब्दांत त्याची संपूर्ण चाल आली. इंग्रजी अक्षर एलच्या आकाराची उपमा तिचा केवळ नकाशा काढते. 'मोहरा' आणि 'प्यादे' हा भेदही असाच मोलाचा. मात्र 'मोहरा वळविणे' येथील मोहरा पटावरचा नव्हे. तो तोंड, अग्रभाग या अर्थाचा असून कोल्हापुरी बोलीतील 'म्होरं' आणि 'म्होरक्या' यांच्या कुळातला आहे. दोहोंना एका नोंदीत घालणे ही कोशकाराची चूक ठरेल.

२०२५ च्या जुलैमध्ये बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा मराठी वृत्तांतांतून टायब्रेक, रॅपिड, ग्रँडमास्टर हे शब्द मुक्तपणे आले. या संस्था आणि पद्धती नव्या, त्यांची नावेही नवी असावीत. त्यास हरकत घेणे व्यर्थ. प्रश्न उरतो तो डावाच्या नोंदीचा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळाडूस मोहऱ्यांसाठी स्वतःच्या भाषेतील आद्याक्षरे वापरता येतात. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा यांची रा, व, ह, उ, घो ही अक्षरे एकमेकांशी कोठेही गोंधळत नाहीत. इंग्रजीत किंग आणि नाइट या दोहोंचे पहिले अक्षर एकच असल्याने घोड्यास दुसरे अक्षर द्यावे लागले. मराठीस तीही अडचण नाही.