भयाला पाडलेली खिडकी

सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने निघाले की तासाभरात नळदुर्ग येते. वाटेत मुलूख फारसा बदलत नाही. तीच काळी राने, तीच तूर, मध्येच उघडा पडलेला खडक. आणि मग अचानक बोरी नदीच्या वळशावर काळ्या दगडाची तटबंदी उभी राहते. समुद्र आम्हा सोलापूरकरांच्या वाट्याला आला नाही. उंच कातळ, खाली पाणी आणि माथ्यावर इतिहास, हे चित्र आम्ही कोकणच्या सहलीत पाहतो किंवा परदेशी जाऊन आलेल्यांच्या फोटोत. पण कातळ, कडा, बुरूज आणि खाली गर्जणारे पाणी हे सारे आमच्या दुष्काळी मुलखातही एका जागी आहे. फक्त पाण्याचा भरवसा नाही.

लहानपणी मला वाटायचे, नळदुर्ग म्हणजे नळ असलेला किल्ला. आमच्याकडे तेव्हा नळाला चार-चार दिवसांआड पाणी यायचे, त्यामुळे कल्पना भव्यच वाटे. पुढे कळले की हा नळ म्हणजे दमयंतीचा नळराजा. पण किल्ल्यातला पाणीमहाल पाहिल्यावर वाटले, लहानपणचे वाचन अगदीच चुकीचे नव्हते.

रसग्रहण कवितेचे करतात, इमारतीचे नव्हे. पण पाणीमहालाला तो मान द्यायला एक भक्कम कारण आहे. १६१३ साली तो बांधवून घेणारा विजापूरचा सुलतान इब्राहिम आदिलशाह दुसरा स्वतः कवी आणि संगीतवेडा होता. दखनी भाषेतले त्याचे पुस्तक ‘किताब-ए-नवरस’ या नावाने ओळखले जाते. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. विजापूरजवळ त्याने वसवायला घेतलेल्या शहराचे नावही नवरसपूर. नऊ रसांचा एवढा ध्यास घेतलेल्या माणसाने महालासकट एक धरण बांधवले, तर त्यात रस शोधणे हा आगाऊपणा ठरू नये. शिवाय सोलापूरकराचे त्याच्याशी जुने नाते आहे. वयाच्या नवव्या वर्षी, १५८० मध्ये तो गादीवर आला तेव्हा त्याला सांभाळणारी चुलती म्हणजे चांदबिबी. अहमदनगरहून ती विजापूरला सून म्हणून आली, तेव्हा आमचे सोलापूर तिच्या लग्नात आंदण म्हणून गेले होते.

मी ही वास्तू दोनदा वाचली. पहिल्यांदा मे महिन्यात.

दारातच एका म्हाताऱ्याने विचारले, “पाणी बघायला आलाव का? पाणीच न्हाई की ओ.” खरेच नव्हते. पण कोरड्यात एक सोय असते. गाणे थांबल्यावर वाद्याची लाकडे नीट पाहता येतात, तशी धरणाची रचना दिसते. एका बाजूला मुख्य किल्ला, पलीकडे रणमंडळ नावाचा तटबंदीचा लहान उंचवटा, मध्ये बोरीचे खोल पात्र. या दोघांना जोडणारी दगडी भिंत म्हणजे हे धरण. ते एकाच वेळी पाणी अडवते, खंदकाचे काम करते आणि पूलही होते. इथवरचे सगळे गद्य आहे. उत्तम, काटेकोर, कामाचे गद्य. या भिंतीला महालाची काहीही गरज नव्हती.

आणि नेमक्या त्याच भिंतीच्या पोटात दालन आहे.

धरण बांधणाऱ्याच्या दृष्टीने पोकळी म्हणजे वैरीण. पाण्याचा सगळा भार ज्या भिंतीने पेलायचा, तिच्यातच खोली काढायची, तिला कमानी द्यायच्या, सज्जा द्यायचा, हे धाडस हिशेबी माणसाचे नाही. ते हिशेब पक्का असलेल्या रसिकाचे आहे. कवितेत एखादा शब्द अर्थाला नको असतो, तरी तो काढला की कविता कोसळते. इथे उलटे आहे. महाल नसता तर धरण बहुधा अधिकच निश्चिंत उभे राहिले असते. ते फक्त धरण राहिले असते, एवढेच.

महालात शिरण्याचा क्रमही कवीने ओळी लावाव्यात तसा लावलेला आहे. आधी माथ्यावरचे लख्ख ऊन. मग खाली जाणारा अरुंद जिना. डोळे एकदम निकामी होतात, हात आपोआप भिंतीकडे जातो, दगड गार लागतो. पाठीमागे जिथे पाणी असायचे तिथे फक्त भिंतीची जाडी जाणवते. आणि अंधार अंगवळणी पडतोय तोवर समोर कमानीतून उजेड येतो. त्या मेमध्ये कमानीबाहेर होते ते नुसते खडकाळ पात्र, तळाशी हिरवे डबके आणि त्यावर वाकलेला एक बगळा. मला वाटले, वास्तू समजली. बांधणीपुरती ती समजलीही होती.

दुसरे वाचन सप्टेंबरातले. नदीच्या वरच्या अंगाला आता आधुनिक धरण आहे. ते भरून वाहिल्याशिवाय इथे जोराचे पाणी येत नाही. त्यामुळे ‘नर-मादी सुटली’ ही बातमी आमच्याकडे पाहुणे आल्यासारखी फोनवरून पसरते. नर आणि मादी हे धरणावरून कोसळणारे दोन धबधबे. त्या दिवशी तटाजवळ पोचेपर्यंतच बोलणे थांबले होते, कारण ऐकूच येत नव्हते. जिना तोच, अंधार तोच. पण या वेळी भिंतीला टेकवलेल्या तळहाताला आवाज लागला. कानाआधी हाताला. खाली कमानीत उभा राहिलो तर समोर पात्र नव्हतेच. पांढरा, उकळल्यासारखा धूर होता आणि बाजूने सबंध नदी तोल सुटल्यासारखी खाली जात होती. पाठीमागे तलाव, पुढे प्रपात, मध्ये मी, आणि सदरा कोरडा.

इथे इमारतीचा अर्थ कळला. भय आणि भयानक यांत आपल्या रसशास्त्राने फरक केला आहे. भय हा भाव. तो पुरात सापडलेल्याला होतो. भयानक हा रस. तो पाहणाऱ्याला मिळतो. भयाचा रस व्हायचा तर ते आपल्या अंगावर कोसळून चालत नाही, आणि फार लांब असूनही चालत नाही. किती जवळ, हाच सगळा प्रश्न. इब्राहिमच्या स्थपतीने ते अंतर दगडात मोजून ठेवले आहे. हात लांब केला तर तुषार लागतील, पाय मात्र कोरडे राहतील. भयाला पाडलेली ही खिडकी आहे. इंग्लंडात एडमंड बर्कने भव्यतेवरचा आपला ग्रंथ १७५७ मध्ये छापला. भीती थोड्या अंतरावर राहिली तर तिच्यातून एक प्रकारचा आनंद उपजतो, असे त्याने मांडले. पाणीमहाल तेव्हा १४४ वर्षांचा होता.

इंग्लंडच्याच कॉर्नवॉल किनाऱ्यावर नळदुर्गासारखाच दोन भागांत विभागलेला टिंटॅजेल नावाचा पडका किल्ला आहे. समुद्रात घुसलेल्या कातळावर अर्धा, मुख्य भूमीवर अर्धा, आणि मधली खडकाची मान झिजून गेलेली. बाराव्या शतकात मॉन्मथच्या जेफ्रीने आर्थर राजाच्या गर्भधारणेची कथा त्या जागेला जोडली. पुढच्या शतकात, १२३० च्या दशकात, रिचर्ड नावाच्या अर्लने तिथे किल्ला बांधला. लष्करी उपयोग फारसा नव्हता. कथा तिथली होती, म्हणून किल्ला तिथे. तुटलेल्या दोन भागांना जोडणारा नवा पादचारी पूल २०१९ मध्ये झाला. नळदुर्गातही दोन उंचवटे आणि मध्ये खाई आहे, पण इथे जोडणी पाणी अडवूनच झाली. आणि कथेचा प्रवास उलटा. किल्ला उभा होता, नावाचा धागा धरून बहुधा लोकांनी नळ-दमयंतीला इथे आणले. दमयंतीच्या भक्तीसाठी खंडोबा इथे आला अशी श्रद्धा आहे. हा खंडोबाही एका जागी राहत नाही. मूर्ती एकच, ती वर्षातला काही काळ नळदुर्गला आणि उरलेला शेजारच्या अणदूरला असते.

लोकांनी धबधब्यांना दिलेली नावेही मला एक समीक्षाच वाटते. महालातला सुलतानाचा शिलालेख फारसीत आहे. गावाने तो बाजूला ठेवून पाण्यात एक जोडपे पाहिले. नळ-दमयंती तरी दुसरे काय? ताटातूट झालेली आणि पुन्हा भेटलेली दोघे. वर्षातले बहुतेक महिने नर-मादी दिसत नाहीत. पाऊस झाला तर भेटतात.

लिव्हरपूलसारख्या बंदरात जन्मलेला फिलिप मेडोज टेलर १८५३ नंतर या भागाचा अधिकारी म्हणून नळदुर्गात राहिला. चांदबिबीवरच्या ‘अ नोबल क्वीन’ या कादंबरीत त्याने हा किल्ला आणला. समुद्राकाठच्या माणसालाही या नदीत लिहिण्याजोगे काही सापडले, याचे मला अप्रूप वाटते.

पण रसग्रहण म्हणजे निव्वळ स्तुती नव्हे. सप्टेंबरातल्या त्या दिवशी महालातून वर आलो, उन्हात डोळे मिचकावत उभा होतो, तोच फोन वाजला. बोरी पुढे अक्कलकोट तालुक्यात जाते, तिच्या काठी मामांचे रान आहे. सोयाबीन काढणीला आलेले.

“कुठं हाईस?” मामांनी विचारले.

“नळदुर्गात. पाणी बघायला आलोय.”

क्षणभर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बघ, बघ. आन जरा नीट बघून सांग, अजून किती वाढंल?”

मी पुन्हा जिना उतरलो. कमान तीच होती, पाणी तेच होते. पण या वेळी मी त्याचा रंग पाहत होतो, दगडावरची ओली रेघ कुठवर चढली आहे ते पाहत होतो. अंतर तेवढेच राहिले होते, तरी रस कुठे गेला होता कोण जाणे. मामांच्या रानाच्या बाजूला खिडकी नव्हती.